स्लाइडवर फ्लॅश मारला की मागे काळोखच? छे!

इंदूरच्या जुन्या फोटोवाल्यांत एक समज मुरलेला आहे: अनंत चतुर्दशीच्या रात्री स्लाइड फिल्मवर (प्रिंट न काढता थेट पडद्यावर दाखवायच्या फिल्मवर) फ्लॅश मारला की पुढचा माणूस उजळतो आणि मागची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला दिव्यांचा चित्ररथ, काळोखात जाते. म्हणे, फिल्मच तशी!

दोष फिल्मचा नाही, शटरचा आहे. फ्लॅशचा उजेड क्षणभराचा. तो किती पडणार हे अॅपर्चर (लेन्सचं भोक) आणि अंतर ठरवतं. १०० आयएसओची (उजेड टिपण्याच्या वेगाचा आकडा) फिल्म, २८ मीटर गाइड नंबरचा फ्लॅश, तर ५ मीटरवरच्या आखाड्याच्या पठ्ठ्याला अॅपर्चर एफ ५.६: गाइड नंबर भागिले अंतर. १० मीटरवर तोच उजेड पाव उरतो, मग राजवाड्याजवळची झांकी त्याने काय उजळणार? तिचे बल्ब स्वतःच जळताहेत, त्यांना फक्त वेळ द्या. सवयीने १/६० सेकंदावर ठेवलेलं शटर १/४ वर आणा. चेहरा फ्लॅशने गोठतो, फिरत्या लाठीला उजेडाची शेपटी फुटते. हात हलला तर बल्बही ओघळतात. ते मला तरी चालतं.

डेलाइट स्लाइडवर (दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर) बल्ब नारिंगी येतील, येऊ द्या. जपायचं ते पांढऱ्या धोतराला. उजेड अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त झाला तरी ते करपतं, आणि स्लाइडला प्रिंटवाला सावरून घेत नाही.