रनिंग-इनचा सल्ला आला कुठून?

इंजिन बांधून गाडी हातात देताना मेकॅनिक हमखास सांगतो, "पहिले हजार किलोमीटर हळू चालवा." का, असं विचारलं तर म्हणतो, "रिंगा बसायला हव्यात." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या. पण हा रनिंग-इनचा, म्हणजे सुरुवातीला हळू चालवण्याचा सल्ला बराचसा बेअरिंगांच्या (फिरता दांडा ज्यांवर टेकतो त्या आधारांच्या) जुन्या काळातला आहे. रिंगांना तो फारसा मानवत नाही.

आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथिल, तांबं आणि अँटिमनी यांचा मऊ बेअरिंग-धातू शोधला. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये हाच धातू वितळवून जागेवर ओतलेला असे. जुने कारागीर क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला, निळा रंग लावून ती फिरवत आणि बेअरिंगवर जिथे निळं उमटेल तिथे हाताने खरवडत. कितीही निगुतीने केलं तरी उंचवटे राहतच, ते चालता चालता झिजायचे. त्यातच पिस्टनही घट्ट बसवलेले. जोर दिला की तापून इंजिन जाम! म्हणून ब्रिटनमध्ये नव्या गाडीच्या मागच्या काचेवर "रनिंग इन, प्लीज पास" अशी पाटी लावून लोक ताशी तीस मैलांनी रखडत जायचे. पुढे पातळ, तयार बेअरिंग-कवचं आली आणि खरवडण्याचं काम संपलं. सल्ला मात्र तसाच राहिला.

रिंगेची गोष्ट वेगळी. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात चिरलेली धातूची रिंग वाफेच्या इंजिनात आणली. तिचा स्वतःचा ताण बेताचाच असतो. तिला सिलिंडरच्या भिंतीवर खरा दाबतो तो रिंगेमागे शिरलेला ज्वलनाचा वायू. ताज्या होनिंगच्या, म्हणजे बारीक दगडाने घासलेल्या, बोअरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) नख फिरवा, तिरप्या जाळीची खरखर लागते. त्या जाळीची टोकं घासली गेली की रिंग बसते. इंजिन नुसतं आयडलवर (बिनभाराने) ठेवलं तर दाब अपुरा पडतो, टोकं राहतात आणि वर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर चढतो. मग बोअर आरशासारखा चकाकतो आणि इंजिन ऑइल खायला लागतं. म्हणून मधूनमधून ॲक्सिलरेटर दाबून भार द्यावा, मग सोडून गाडी गिअरमध्येच वाहू द्यावी. सलग एकाच वेगाने हाकू नये आणि एकदम टोकालाही नेऊ नये, इतकंच.

जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनात आणखी एक भानगड आहे. तिथे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि तो ज्याला ढकलतो तो टॅपेट एकमेकांवर थेट घासतात. त्यांना पहिल्या स्टार्टपासूनच साधारण २००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवायचं, कारण कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं. शिवाय धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी ऑइलमधलं झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण कमी होत गेलं. ऑइलची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २००४ च्या एसएम श्रेणीत पातळ ग्रेडच्या ऑइलसाठी फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के झाली. जुनी इंजिनं बांधणाऱ्यांनी त्यानंतर झिजलेले कॅम बरेच पाहिले. कॅमवर चाकाने फिरणाऱ्या रोलर टॅपेटला ही कटकट नाही.

पहिलं ऑइल मात्र कुठल्याही इंजिनातून लवकरच काढतात. ते उन्हात धरलं की झिजलेल्या धातूच्या कणांनी मेटॅलिक रंगाच्या डब्यासारखं चमचमतं.