सामूहिक रसग्रहण (ठाणे–नवी मुंबई)

सामूहिक रसग्रहण : आठ-दहा वाचकांनी एकत्र बसून एकच कविता किंवा कथा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि तो अर्थ ओळींवर तपासून घ्यायचा, अशी ही रीत आहे. व्याख्यानमालेत एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इथे नुसते ऐकायला आलेल्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

ठाण्यात या व्यवहाराला जुनी बैठक आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली इथे मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले. ठाण्यात १९६० साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष रा. श्री. जोग हे तर काव्यसमीक्षकच होते. नवी मुंबईची गोष्ट वेगळी. तुर्भ्याच्या बाजार समितीमुळे आलेली सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबे, घणसोली-कोपरखैरण्याचे मूळचे आगरी-कोळी, सिडकोच्या इमारतींत मुंबईहून आलेले नोकरदार असे वाचक एका टेबलाभोवती बसले की एकाच ओळीला अनपेक्षित फाटे फुटतात. एकाच मुलखातल्या, एकाच वयाच्या गटात ते सहसा फुटत नाहीत.

पूर्वतयारी : आठ ते बारा माणसे पुरेशी होतात. पाचाच्या खाली संख्या गेली की दोघेच बोलत राहतात. पंधरावर गेली की जो तो आपली पाळी येईपर्यंत मनात भाषण जुळवत बसतो आणि आधीच्याचे ऐकत नाही. दीड तासाला एक कविता, बारा ते वीस ओळींची. झेरॉक्स मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला आणि उजवीकडे तीन बोटांचा समास सोडून काढावी. दर पाचव्या ओळीला आकडा घालावा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ‘मधे कुठेतरी असं म्हटलंय ना’ ही भाषा त्यानेच थांबते.

कवीचे नाव छापू नये. केंब्रिजला इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना तेरा कविता कवींची नावे काढून दिल्या. विद्यार्थ्यांच्या लेखी अभिप्रायांतून वाचनातले दोष कसे दिसतात, ते त्यांनी १९२९ साली पुस्तकरूपाने मांडले. नाव झाकले की थोर कवीची सुमार कविता सुमार दिसू लागते आणि अनोळखी कवीच्या चांगल्या ओळीपाशी वाचक थांबतो.

क्रम : कविता दोन वेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचावी, तीही साध्या आवाजात. नाटकी वाचन टाळावे, कारण आवाज चढला-उतरला की अर्थ वाचणाऱ्याने परस्पर ठरवून टाकलेला असतो. मग सात-आठ मिनिटे सगळे गप्प, हातात पेन्सिल. पहिल्या फेरीत मत द्यायचे नाही. कोण बोलते आहे, कुणाशी, स्थळ कोणते, वेळ कोणती, कुठल्या ओळीपासून काय बदलते, एवढेच सांगायचे. दुसऱ्या फेरीत अर्थ, ओळीचा आकडा सांगून. त्यानंतर कवीचे नाव उघड करायचे आणि कविता चांगली की वाईट हा वाद शेवटी. नवखे गट पहिली फेरी गाळतात आणि तिथेच फसतात. ज्यांनी मुळात दोन वेगळी स्थळे डोळ्यांसमोर आणली आहेत, ते तासभर मूल्यांवर भांडत बसतात.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठच ओळींची असली तरी या कामाला फार चांगली, फक्त तिथे नाव झाकून उपयोग नाही. ती शाळेपासून सगळ्यांना पाठ असते. तरीही पहिली फेरी नेटाने घेतली तर पाठ असलेल्या ओळींतले न पाहिलेले दिसू लागते. झरा, बेटे, चार घरांचे गाव, शेतमळे, कुरणे असे सगळे आहे, पण माणूस एकही नाही. रंग ओळीओळीने येतात : आधी हिरवाळी, मग निळासावळा, हिरवा, पांढरा आणि शेवटी काळा. पायवाट पांढरी आहे आणि ती गावाकडे न वळता ‘काळ्या डोहाकडे’ जाते. शेवटच्या ओळीत औदुंबर पाय टाकून ‘बसला’ आहे, म्हणजे माणसाची क्रिया येते ती झाडाच्या वाट्याला.

एवढे टिपून झाल्यावर अर्थ निघू लागतात. कुणाला हे निसर्गचित्र वाटते, कुणाला विरक्त योगी दिसतो, कुणाला मृत्यूची चाहूल. मृत्यूचा अर्थ सांगणारे बहुधा कवीचा शेवट ठाऊक असलेले असतात : बालकवी १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेखाली गेले. तो अपघात कवितेत नाही, म्हणून तो पुरावा धरता येत नाही. काळा डोह मात्र कवितेत आहे, आणि तेवढ्यावर मृत्यूचा अर्थ उभा राहू शकतो. मग ‘गोड काळिमा’मधल्या गोडपणाचे काय करायचे, हा प्रश्न त्या वाचकाला विचारलाच पाहिजे.

कृष्णाकाठचा वाचक याच झाडापाशी वेगळ्या वाटेने येतो. औदुंबर त्याला दत्ताचे स्थान म्हणून माहीत असतो, नरसोबाच्या वाडीमुळे. हा अर्थ भाबडा म्हणून उडवून लावणे चूक आहे. बोलण्यात आपण सहज उंबर म्हणतो, कवीने औदुंबर म्हटले, आणि बसण्याची ढब ध्यानस्थाची आहे. पण पार नाही, पादुका नाहीत, दिवा नाही. तेव्हा अर्थाला आधार आहे, पण तो अर्धाच. गटप्रमुखाने एवढेच म्हणावे आणि पुढे जावे.

काय बिघडते : सगळ्यात चिवट अडथळा तयार विशेषणांचा. ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारी’, ‘वास्तवाचे दाहक चित्रण’ ही लेबले कुठल्याही कवितेला चिकटतात. उपाय एकच : ‘कुठल्या ओळीमुळे?’ असे विचारणे. दुसरा अडथळा शाळेतून येतो. दहावीच्या रसग्रहणाचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे परीक्षेपुरते सोयीचे आहेत, पण तो साचा डोक्यात बसलेला मोठा वाचकही अलंकाराचे नाव सांगून मोकळा होतो. उत्प्रेक्षा आहे हे कळले. ती इथेच का आली, ते राहून जाते.

तिसरा प्रकार आठवणींचा. आईवरची कविता निघाली की जो तो आपल्या आईबद्दल बोलू लागतो आणि कविता टेबलावर पडून राहते. काश्मिरी काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत, म्हणजे रसास्वादातल्या अडथळ्यांत, ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, हे एक आहे. रिचर्ड्स यांनी दाखवलेल्या वाचनदोषांतही हाच दोष आहे. आठवण बंद करायची नसते, कारण तिच्यावाचून प्रतिसादच उमटत नाही. दोन वाक्यांत सांगून ओळीकडे परतायचे. आणि गटातले निवृत्त प्राध्यापक किंवा प्रकाशित कवी यांनी शेवटी बोलावे. ते पहिले बोलले की उरलेला तास अनुमोदनात जातो.

वाचकाला महत्त्व देणारे सिद्धांत विसाव्या शतकात बरेच झाले. रोझेनब्लॅट यांच्या मते कविता ही वाचक आणि संहिता यांच्यातली घडामोड असते, इझर यांनी संहितेतल्या, वाचकाने भरायच्या मोकळ्या जागांवर भर दिला, याउस यांनी वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावर, म्हणजे तो आधीच्या वाचनातून ज्या अपेक्षा घेऊन येतो त्यांवर. गटाला यातली परिभाषा लागत नाही. अपेक्षांच्या क्षितिजाचा अनुभव मात्र मुंबईच्या वेश्यावस्तीचे जग मांडणाऱ्या नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ या संग्रहापाशी (१९७२) हमखास येतो. त्या वस्तीची भाषा ठाऊक नसलेला वाचक कवितेला दुर्बोध किंवा अश्लील म्हणून मोकळा होतो, आणि कमतरता कवितेची की आपली हे तपासत नाही. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेसाठी ढसाळांकडून शब्दांचे अर्थ समजून घेतले होते. अशा कवितेला शब्दार्थांचा कागद आठवडाभर आधी द्यावा. त्याच बैठकीत दिला तर वेळ शब्दकोशातच संपतो.

कथा आणि टिपण : तीन हजार शब्दांची कथा मोठ्याने वाचायला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून ती घरी वाचून यायला सांगतात आणि बैठकीत फक्त सुरुवात, शेवट आणि निवेदकाची नजर बदलते ती जागा एवढेच वाचतात. न वाचता आलेल्याने त्या दिवशी टिपणे घ्यावीत, हा अनेक गटांनी स्वीकारावा असा नियम आहे. कादंबरीला किमान तीन बैठका हव्यात. एकीत उरकली तर चर्चा कथानक सांगण्यापलीकडे जात नाही.

बैठकीनंतर एकाने तीनशे-चारशे शब्दांचे टिपण लिहावे. कथासार तीन वाक्यांच्या वर नसावे. गटाला न पटलेला अर्थही सांगणाऱ्याने दिलेल्या ओळीच्या आकड्यासह त्यात यावा, आणि तो का पटला नाही हेही.