मज्जेतून सुटलेल्या पेशी आणि झटक्यानंतरचे हृदय

‘इंजेक्शन घ्या, हृदय पुन्हा उगवेल’ अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून झळकतात आणि ज्या घरात कुणी झटक्यातून नुकताच सावरला आहे, तिथे त्या फार आशेने वाचल्या जातात. म्हणूनच, अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात उतरवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांतून नेमके काय हाती लागले, हे नीट सांगायला हवे.

मोठ्या झटक्यात हृदयाच्या सुमारे शंभर कोटी स्नायूपेशी मरू शकतात. प्रौढ हृदय वर्षाला फार तर एक टक्का पेशी नव्याने घडवते. त्यामुळे मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. मज्जेतल्या मूलपेशी मात्र जन्मभर रक्तपेशी घडवत असतात. त्यांनाच हृदयाकडे धाडले तर, असा विचार मनात येणे स्वाभाविक होते.

पण त्या मज्जेत टिकून राहतात कशा? या विषयातला मला सर्वांत मोहवणारा भाग हाच आहे. मज्जेतील आधारपेशी एसडीएफ-१ नावाचे प्रथिन स्रवतात, आणि मूलपेशीच्या पृष्ठभागावरचा सीएक्ससीआर-४ हा ग्राहक ते ओळखतो. प्रथिन जिथे दाट, तिकडे पेशी ओढली जाते आणि तिथेच थांबते. एसडीएफ-१ हा खुंटा आणि सीएक्ससीआर-४ हे दावे, असे समजावे. जी-सीएसएफ हे औषध खुंटा उपटते: त्याच्या प्रभावाने मज्जेतले एसडीएफ-१ घटते, प्रथिने तोडणारी विकरे मोकळी होतात आणि चार-पाच दिवसांत मूलपेशी रक्तात येतात. प्लेरिक्साफॉर दावे सोडते, म्हणजे ग्राहकावर स्वतःच जाऊन बसते, आणि पेशी काही तासांतच सुटतात. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी अभ्यासले जात होते, कारण तो विषाणूही याच ग्राहकाच्या आधारे पेशीत शिरू शकतो; चाचणीतल्या स्वयंसेवकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला.

२००१ साली उंदरांवरील प्रयोगांतून, मज्जेतील पेशींनी नवा हृदयस्नायू घडवल्याचा दावा झाला. २००४ मध्ये इतर संशोधकांनी जनुकीय खूण केलेल्या पेशींचा माग काढला, तर त्या हृदयातही रक्तपेशीच झालेल्या आढळल्या.

तोवर माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या होत्या. कोपनहेगनमधील स्टेमी चाचणी पाहा. धमनी उघडून स्टेंट बसवलेल्या ७८ रुग्णांना सहा दिवस इंजेक्शने दिली. निम्म्यांना जी-सीएसएफ आणि निम्म्यांना औषध नसलेले द्रावण, आणि कुणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. दर ठोक्याला डावा कप्पा आपल्यातील रक्ताचा किती टक्के भाग बाहेर फेकतो, हे सहा महिन्यांनी एमआरआयने मोजले. जी-सीएसएफच्या गटात ते प्रमाण ८.५ अंकांनी सुधारले होते, दुसऱ्या गटात ८.० अंकांनी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातला दुसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. धमनी वेळेत उघडली की न मेलेला, केवळ बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत आपोआप कामाला लागतो, आणि तुलनेचा गट नसेल तर त्या सुधारणेचे श्रेय अलगद औषधाला जाते. मूलपेशींच्या नावाने चालणारे महागडे उपचार आणि अंगारे-धुपारे ‘गुण आला’ या एकाच दाखल्यावर तगतात, ते याचमुळे.

तरीही हा मार्ग पुरता बंद झाला असे मी म्हणणार नाही. जखमी हृदय स्वतःही एसडीएफ-१ स्रवून पेशींना बोलावते, आणि आलेल्या पेशी स्नायू झाल्या नाहीत तरी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देऊ शकतात. मात्र ज्या ग्राहकाने ही हाक ऐकायची, तोच प्लेरिक्साफॉरने झाकलेला असतो. उंदरांमध्ये झटक्यानंतर त्याची एकच मात्रा दिली तेव्हा हृदय अधिक सावरले आणि औषध सतत चालू ठेवले तेव्हा उलट नुकसान झाले, याचा उलगडा इथे होतो: दावे सुटल्यावर औषध लवकर उतरले, तरच पेशीला हृदयाची हाक ऐकू येते.