निळ्या डागाचा युक्तिवाद आला कुठून?

‘आउश्वित्झच्या भिंतींवर निळा डाग नाही, म्हणजे तिथे विषारी वायूने माणसं मारलीच नाहीत.’ दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमधल्या आउश्वित्झ छावणीत आणि इतरत्र केलेला ज्यूंचा नरसंहार नाकारणारा हा दावा आता मराठीतही वाचायला मिळतो. रसायनशास्त्राचं नाव आलं की भलेभले गप्प बसतात, म्हणून त्याचं मूळ तपासायला हवं.

ते मूळ १९८८ सालच्या टोरांटोतल्या एका खटल्यात आहे. नरसंहार खोटा असल्याचा प्रचार करणाऱ्या अर्न्स्ट झुंडेलवर खटला चालू होता. त्याच्या बाजूने फ्रेड ल्यूख्टर हा अमेरिकन माणूस पोलंडला गेला. मृत्युदंडाची उपकरणं पुरवणं हा त्याचा धंदा. पदवी इतिहासाची, इंजिनिअरिंगची नव्हे. परवानगी न घेता त्याने भिंतींचे तुकडे फोडून आणले आणि ते कुठले हे न सांगता प्रयोगशाळेत दिले. तिथे अख्खे तुकडे कुटून त्यांतलं सायनाइड, म्हणजे त्या विषारी वायूचा उरलेला अंश, मोजलं गेलं. सायनाइड विटेच्या पृष्ठभागावरच धरतं, फार तर दहा मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) आत जातं, असं त्याच प्रयोगशाळेच्या रसायनतज्ज्ञाने नंतर सांगितलं. म्हणजे वरचा पातळ थर आतल्या जाड विटेत मिसळून मोजला होता. न्यायाधीशांनी अहवाल पुरावा म्हणून घेतला नाही, तरी तो छापून जगभर वाटला गेला.

दुसरा मुद्दा जास्त फसवा आहे. छावण्यांत कपड्यांतल्या उवा मारायच्या खोल्या होत्या. तिथेही झायक्लोन बी हेच सायनाइडचा वायू सोडणारं विष वापरायचे, आणि सायनाइड विटेतल्या लोखंडाशी मिळून निळं रंगद्रव्य झाल्याने त्यांच्या भिंती आजही निळ्या दिसतात. मग जिथे उवा मेल्या तिथे डाग, आणि जिथे माणसं मेली म्हणता तिथे का नाही?

खानदेशात ज्याने दादर-हरभऱ्याच्या पोत्यांना गोळ्या लावून गोदाम बंद ठेवलंय, त्याला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. त्या गोळ्यांचा वायू वेगळा, पण नियम तोच. किडा चिवट असतो. त्याच्यासाठी गोदाम कित्येक दिवस बंद ठेवावं लागतं. माणसाला तेवढा वेळ लागत नाही, म्हणून तर पोराबाळांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. छावणीतही कपड्यांच्या खोल्यांत कितीतरी पट तीव्र वायू तासन्‌तास कोंडलेला असे. माणसं थोड्या वायूने काही मिनिटांत मरत, आणि मग हवा बाहेर काढली जाई. शिवाय आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या मोठ्या वायुकोठड्या नाझींनीच जानेवारी १९४५ मध्ये सुरुंगाने उडवल्या; ते अवशेष तेव्हापासून उन्हापावसात पडून आहेत. तरीही पोलंडमधल्या क्राकोच्या न्यायवैद्यक संस्थेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, निळं रंगद्रव्य वगळून मोजल्यावर, कोठड्यांच्या अवशेषांत सायनाइडचे अंश सापडले. कैद्यांच्या राहत्या बराकींत ते सापडले नाहीत.

आकड्यांचा खेळही असाच. आउश्वित्झच्या स्मारकावर ४० लाख बळी असं लिहिलं होतं. १९९० मध्ये ते काढलं, कारण संशोधनातून सुमारे ११ लाख हा आकडा आला. नाकारणारे लगेच नरसंहारातल्या एकूण ६० लाख ज्यू बळींतून २९ लाख वजा करतात. पण ६० लाख हा आकडा त्या पाटीवरून कधी काढलेलाच नव्हता. युद्धाआधीची आणि नंतरची ज्यू लोकसंख्या, रेल्वेने नेलेल्या माणसांच्या नोंदी, खुद्द जर्मनांचे अहवाल यांतून तो आला.

एक कागद दुसऱ्या कागदांशी ताडून पाहायचा, ही शिस्त खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांचे शेवटचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. शंका घ्यायला हरकत नाहीच. पण नाकारणारा ताडून पाहत नाही. एक वीट उचलतो आणि बाकीचे नकाशे, पत्रं, साक्षी, मारेकऱ्यांचे कबुलीजबाब झाकून ठेवतो. लंडनच्या न्यायालयात ही लबाडी उघडी पडली. नरसंहार नाकारणारा ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्विंग याने, आपल्याला तसं म्हटल्याबद्दल, इतिहासकार डेबोरा लिपस्टाटवर बदनामीचा दावा लावला होता. सगळा पुरावा एकत्र मांडल्यावर, ज्या ल्यूख्टर अहवालाचा त्याने वर्षानुवर्षं उदोउदो केला, तो मुळातच सदोष असल्याचं त्याला उलटतपासणीत मान्य करावं लागलं. एप्रिल २००० मध्ये न्यायमूर्ती ग्रे यांनी त्याचा दावा फेटाळला.

बोस्नियातही हाच प्रकार झाला. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरली, आणि पुढे ‘एवढे सांगाडे दाखवा’ म्हणून वाद घातला गेला. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडत होती. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून साडेसहा हजारांहून अधिक जणांची ओळख पटली आहे.