जागच्या जागी वळणारी जीप

खळ्यात बैलगाडी वळवायची असली की गाडीवान एका बाजूचा कासरा ओढून धरतो आणि दुसऱ्या बाजूच्या बैलाला हाकारतो. आतलं चाक जवळजवळ जागेवरच राहतं, बाहेरचं त्याच्याभोवती फिरतं आणि गाडीचं तोंड उलट्या दिशेला होतं. त्याच खळ्यात वडापची जीप शिरली की मात्र खेळ सुरू होतो. मागे घे, पुढे घे, पुन्हा मागे. खाली उतरलेला एक जण ‘येऊ दे, येऊ दे… बास!’ म्हणत बोनेटवर थाप मारतो. जीपच्या पोटात शंभर घोडे असोत, वळण्याच्या बाबतीत ती दोन बैलांपुढे हरते.

याचं कारण बैलगाडीला दोनच चाकं असतात हे आहे. दोन्ही एकाच आखावर, एका रेषेत आणि एकमेकांपासून मोकळी. चाकाचा स्वभाव साधा आहे: ते आपल्या तोंडाच्या दिशेने गडगडतं, आडवं सरकायला कुरकुरतं. कोणतीही वस्तू वळते तेव्हा ती कुठल्या तरी एका बिंदूभोवती फिरत असते. त्या बिंदूपासून चाकापर्यंत रेषा ओढली, तर चाकाचं तोंड त्या रेषेला काटकोनात हवं. बैलगाडीचा बिंदू आखाच्या रेषेवर कुठेही घ्या, अगदी दोन चाकांच्या बरोबर मधे घ्या, दोन्ही चाकांची ही अट आपोआप पाळली जाते.

चार चाकं आली की मागच्या जोडीची आणि पुढच्या जोडीची रेषा वेगळी होते. नेहमीच्या मोटारीत मागची चाकं सरळच असतात, म्हणून फिरण्याचा बिंदू मागच्या आखाच्या रेषेतच कुठेतरी असावा लागतो. मग पुढची दोन चाकं त्या बिंदूच्या हिशेबाने वळवायची. आतलं जास्त आणि बाहेरचं थोडं कमी, कारण दोघांचे फेर वेगळे. ही युक्ती म्युनिकच्या गेऑर्ग लँकेन्सपर्गर या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराची. तिचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी घेतलं आणि नाव लागलं ते त्यांचंच. बिचारा लँकेन्सपर्गर!

पण पुढची चाकं एका मर्यादेपलीकडे वळत नाहीत. मडगार्डला अडकतात, सांधे तुटायला येतात. त्यामुळे तो बिंदू गाडीच्या बाहेर, काही मीटर लांबच राहतो. साधारण मोटारीला पूर्ण फेरा घ्यायला दहा-अकरा मीटर व्यासाची जागा लागते ती यामुळे. डोंगरातल्या दगडी वाटेवर एवढी जागा कुठून आणायची?

जानेवारी २००५ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात जीप कंपनीने एक गाडी आणली, जिचा हा बिंदू थेट तिच्या पोटाखाली येत होता. नाव हरिकेन. ही संकल्पना-मोटार होती, म्हणजे विकण्यासाठी नव्हे तर ‘असं करता येईल का?’ हे धातूत घडवून बघण्यासाठी बांधलेली. अशा मोटारी पुष्कळदा नुसतं रंगवलेलं कवच असतात. मागून चार जण ढकलतात तेव्हा त्या मंचावर येतात. हरिकेन मात्र खरोखर चालत होती आणि फुगडी घालावी तशी स्वतःभोवती गरगर फिरत होती.

प्रदर्शनातल्या बातम्यांनी मात्र भलतंच उचलून धरलं. या गाडीला इंजिनं दोन. एक पुढे, एक मागे, दोन्ही क्रायस्लरच्या ‘हेमी’ या इंजिन-घराण्यातली, प्रत्येकी ५.७ लिटर, आठ सिलिंडर आणि ३३५ अश्वशक्ती. बेरीज ६७० अश्वशक्ती, आणि पिळ म्हणजे टॉर्क सुमारे १,००० न्यूटन-मीटर. शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत पाच सेकंदांच्या आत. लांबी फक्त ३.८६ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मीटरच्या नियमात ती सहज बसते. पण छोट्या पेट्रोल गाडीची करसवलत मिळायला इंजिनही १,२०० घनसेंटिमीटरच्या आत लागतं, आणि इथे ते ११,००० च्या वर. सवलतीचा अर्ज फेटाळला जाणार.

एवढी ताकद दगडात उपयोगी पडते का? थोडा हिशेब मांडू. गाडीचं वजन साधारण १,७५० किलो. सुट्या खडीवर टायरची पकड वजनाच्या साठ टक्के धरली, तर जमिनीला देता येणारा जास्तीत जास्त जोर सुमारे दहा हजार न्यूटन. चाकं ९४ सेंटिमीटर उंच, म्हणजे त्रिज्या ४७. त्यामुळे चारही चाकांवर मिळून सुमारे ४,८०० न्यूटन-मीटर पिळ एवढीच जमिनीची पचनशक्ती. इंजिनांचा हजार न्यूटन-मीटरचा पिळ खालच्या गिअरमधून नुसता दसपट झाला तरी तो दहा हजार होतो. अर्ध्याहून जास्त ताकदीला चाकं जागेवर भिरभिरवून धूळ उडवण्यापलीकडे काम नाही. चिखलात रुतलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसणाऱ्याला हे कळत असतं, तरी त्याचा पाय काही निघत नाही. माझ्या मते दोन इंजिनं हा या गाडीतला सर्वात कमी हुशार भाग.

त्या इंजिनांबरोबर आलेली एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती. गरज नसेल तेव्हा सिलिंडर बंद ठेवायचे. हरिकेन चार, आठ, बारा किंवा सोळा सिलिंडरवर चालायची. मोठं पेट्रोल इंजिन हळू चालवताना हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ बंद असते, आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढावी लागते. चिमटलेल्या नळीतून ऊस-रस ओढायचा म्हणजे गाल दुखतात, तशी ही मेहनत वाया जाते. निम्मे सिलिंडर झोपवले की उरलेल्यांना जास्त काम पडतं, झडप जास्त उघडते आणि ओढण्याचे कष्ट कमी होतात. झोपलेल्या सिलिंडरांच्या झडपा मिटलेल्या असतात. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते, सुटते, आणि घेतलेली ऊर्जा बरीचशी परत करते.

अंगही वेगळं होतं. कार्बन तंतूंचं कवच हाच सांगाडा. वेगळी चेसिस नाही. इंजिनं आणि सस्पेन्शन थेट त्यालाच जोडलेलं, आणि खाली अ‍ॅल्युमिनियमचा कणा, जो दगडांचा मारही झेलतो. जमिनीपासून पोट ३६ सेंटिमीटर वर. चाकांच्या पुढे-मागे शरीर जवळजवळ नाहीच, म्हणून समोरून ६४ अंशांचा आणि मागून ८६.७ अंशांचा कडा नाक किंवा शेपटी न घासता गाठता येतो. ८६.७ म्हणजे भिंतच की! अर्थात चाक भिंतीला टेकतं एवढाच त्याचा अर्थ. चढायला पकड लागते, आणि तिचा हिशेब वर झालाच.

आता वळण्याकडे. गाडी आपल्या मध्यबिंदूभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायची आहे. डावी चाकं पुढे गेली पाहिजेत, उजवी मागे. रणगाडा असाच फिरतो: एक साखळी पुढे, एक मागे. बांधकामावर माती उचलत फिरणारा छोटा बॉबकॅटही डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातल्या फरकावरच वळतो. त्याची जन्मकथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९५७ मध्ये सिरिल आणि लुई केलर या भावांनी टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी, अरुंद खुराड्यात वळू शकेल असं तीन चाकांचं एक यंत्र बनवलं. पुढे १९६० मध्ये त्याची चार चाकांची आवृत्ती आली. पक्ष्यांची विष्ठा उपसण्याच्या गरजेतून एक अख्खा यंत्रप्रकार जन्माला आला.

पण बॉबकॅट वळलेली जागा नंतर जाऊन बघा. माती खरवडलेली, डांबरावर टायरचे काळे ओरखडे. चाकं सरळ तोंडाने उभी आहेत आणि त्यांना जायचंय वर्तुळावर, म्हणून ती फरफटत जातात. किती? चाकाच्या अटीचा तोच नियम लावू. पुढच्या-मागच्या चाकांत पावणेतीन मीटर आणि डाव्या-उजव्यांत पावणेदोन मीटर अंतर धरलं, तर प्रत्येक चाकाचं तोंड आणि त्याची जाण्याची दिशा यांत सुमारे ५७ अंशांचा कोन पडतो. म्हणजे चाक गडगडण्यापेक्षा घासटतंच जास्त. बैलगाडीत पुढचं-मागचं अंतर शून्य, म्हणून हा कोनही शून्य. खळ्यातली ती सहजता भूमितीतून आलेली होती.

हरिकेनने काय केलं? डावी-उजवी चाकं उलटसुलट फिरवलीच, शिवाय चाकांची तोंडंही वळवली. पुढची दोन चाकं आपली नाकं एकमेकांकडे करतात आणि मागची दोन आपल्या शेपट्या एकमेकांकडे. वरून पाहिलं तर चार चाकं मिळून शंकरपाळ्याचा आकार होतो, आणि प्रत्येक चाक मधल्या बिंदूभोवतीच्या वर्तुळाला चिकटून बसण्याच्या जवळ येतं. घासणं कमी, गडगडणं जास्त. याशिवाय मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळवून छोटा फेर घेता यायचा, आणि चारही एकाच दिशेला वळवून तोंड न फिरवता खेकड्यासारखं तिरकं सरकता यायचं.

मग अशा जिपा बाजारात का आल्या नाहीत? कार्बन कवचाची किंमत हे एक उत्तर, पण मला खरी अडचण दांड्यांची वाटते. इंजिनाची ताकद मधल्या गिअरपेटीतून दांड्यांनी चाकापर्यंत जाते. चाक वळतं तसा त्या दांड्याचा सांधाही वाकतो, आणि हे सांधे साधारण ४५ ते ५० अंशांपलीकडे वाकून जोर देऊ शकत नाहीत. आपल्याला हवेत ५७. वर एका बाजूला पुढचा गिअर आणि दुसऱ्या बाजूला मागचा. एवढी गुंतागुंत पेटीत कोंबायची, ती दगडावर आपटायची आणि वर हमीही द्यायची! चार बाय चार जिपा दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला हे चित्र दाखवा, तो आधी हसेल आणि मग दर सांगेल.

पुढच्या वीस वर्षांत ही अडचण दोन हप्त्यांत सुटली. पहिला हप्ता प्रत्येक चाकाला स्वतंत्र विजेची मोटर देण्याचा. मोटर उलटी फिरवायला गिअर लागत नाही, वीजप्रवाहाचा क्रम बदलला की झालं. अमेरिकेच्या रिव्हियन या मोटार कंपनीने २०१९ मध्ये चार मोटरींच्या गाडीला रणगाड्यासारखी गिरकी घेताना दाखवलं आणि पुढे ती सोय बाजूला ठेवली, कारण हौशी चालक रानवाटा उकरून टाकतील ही भीती. मर्सिडीझच्या विजेवरच्या जी-क्लासमध्ये २०२४ मध्ये अशी गिरकी विक्रीच्या गाडीत आली. चार मोटरी, एकूण ५८७ अश्वशक्ती, हरिकेनच्या पंगतीतली. पण ती घ्यायची सुट्या जमिनीवरच. चाकांची तोंडं सरळ राहतात, त्यामुळे हे तीन टनी धूड बॉबकॅटसारखंच फरफटत फिरतं. उलट फिरण्याचा प्रश्न सुटला, शंकरपाळ्याचा नाही.

दुसऱ्या हप्त्यात मोटर थेट चाकातच गेली. मग मधला दांडाच उरत नाही. चाकाकडे जातात त्या तारा, आणि तार हवी तितकी वळते. २०२३ मध्ये लास वेगासच्या तंत्रज्ञान प्रदर्शनात हुंदाई मोबिसने आयोनिक ५ या मोटारीला असे चार ‘कोपरे’ बसवले, ज्यांतलं प्रत्येक चाक ९० अंशांपर्यंत वळतं. ती गाडी कुठल्या कड्यावर चढायला बनवलेली नव्हती. डांबरावर ती दोन उभ्या मोटारींच्या मधल्या जागेपाशी थांबली, चारही चाकं आडवी केली आणि बाजूने आत सरकली. मग रिकाम्या जागेत चाकांचा शंकरपाळा करून आपल्या मध्याभोवती फिरली, आणि कुणाला बोनेटवर थाप मारावी लागली नाही.