चेन ताणली जात नाही, झिजते

बाईकची चेन सैल झाली की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'चेन ताणली गेलीय'. आपल्यालाही ते पटतं, कारण लांबी खरंच वाढलेली असते. पण स्टीलच्या पट्ट्या रोजच्या वापरात ताणून लांब होत नाहीत, जवळजवळ सगळी वाढ होते ती आतल्या झिजेने.

चेनची रचना बघा. बाहेरच्या कडीत दोन पिना, आतल्या कडीत दोन बुश म्हणजे पोकळ नळ्या, बुशवर फिरणारे रोलर. पिन आणि बुशची ही जोडी हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला पेटंट केली आणि आजही तीच चालते, मला तर हे भारीच वाटतं. कडी स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन ज्यावरून फिरते त्या दातेरी चाकावर, वळते तेव्हा पिन बुशच्या आत थोडीशी फिरते, तेही पूर्ण ओढ असताना, आणि प्रत्येक वेळी किंचित धातू घासला जातो. आपल्या १००-१२५ सीसी गाड्यांना बहुतेक ४२८ नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांतलं अंतर १२.७ मिमी. समजा १२० कड्या आहेत तर लांबी १५२४ मिमी, त्यात १ टक्का वाढ म्हणजे १५ मिमी. गंमत अशी की आतल्या कडीतले दोन बुश पट्टीत घट्ट बसवलेले असतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, त्यामुळे सगळी वाढ एकाआड एक कडीवर येते, प्रत्येकी साधारण पाव मिमी.

एवढ्याने काय होतं? रोलर दात्यांच्या खाचेत न बसता वर चढतात, भार मोजक्याच दात्यांवर येतो आणि दाते आकड्यासारखे वाकडे झिजतात. अशा दात्यांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर संपते, म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदलायचा, मेकॅनिक किट घ्या म्हणतो ते उगाच नाही.

पुढचं स्प्रॉकेट आधी जातं. पुढे १४ दाते, मागे ४२ असतील तर पुढच्या प्रत्येक दात्याला तिप्पट वेळा काम पडतं. शिवाय पुढे प्रत्येक कडी जवळपास २६ अंशांनी वळते, मागे फक्त साडेआठ. पिकअपसाठी पुढे एक दात कमी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, वळण वाढतं, झीजही वाढते.

आणि 'मायलेज वाढवणारं' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या स्प्रेच्या नादी लागू नका, तसंच हँडलला लिंबू-मिरची बांधून चेन टिकत नाही. जळकं ऑइल तर ओतूच नका, त्यात इंजिनातले धातूचे कण असतात. चेन रॉकेलने पुसायची, चांगलं ऑइल लावायचं, जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटते.

बदलायची वेळ झाली का ते घरीच बघता येतं. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर सेट गेला. नवी चेन बसवताना तिची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला आहे ना, हे स्वतः वाकून बघा, कारण उलटी बसलेली क्लिप निसटू शकते.