‘वुलन’ म्हणजे नक्की कशाचं?

थंडीत दुकानदार ज्याला बिनदिक्कत ‘वुलन’ म्हणतो, त्या स्वेटरच्या आतल्या पट्टीवर पुष्कळदा ‘१०० टक्के ॲक्रिलिक’ छापलेलं असतं. दुकानदाराला एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही. हा शब्द आधीपासूनच सैल आहे.

लाकडाचं ते वुडन, तसं लोकरीचं ते वुलन. ‘लिनन’ही मुळात असंच विशेषण, अळशीच्या धाग्याचं, पुढे ते नाम होऊन बसलं. ‘वूल’ हा संस्कृत ‘ऊर्णा’चा लांबचा भाऊबंद. मराठीत ही ऊर्णा दिसते ती ऊर्णनाभात, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यात.

खरा घोळ कापडाच्या धंद्यातला. तिथे वुलन म्हणजे लोकर पिंजून काढलेल्या सुताचं कापड. तंतू आडवेतिडवे राहतात, त्यांच्यात हवा अडकते, म्हणून ऊब. ट्वीडच्या, म्हणजे जाड खरबरीत लोकरी कापडाच्या, कोटावरून हात फिरवला की लव जाणवते ती यामुळेच. लोकर विंचरून आखूड तंतू काढून टाकले, लांब तेवढे सरळ लावून पिळले, की होतं वर्स्टेड. हे नाव इंग्लंडच्या नॉरफकमधल्या एका गावावरून आलं. सुटाचा गुळगुळीत तुकडा उजेडाकडे धरा, उभे-आडवे धागे वेगळे दिसतात. तो निव्वळ मेंढीच्या लोकरीचा असला तरी जाणकार त्याला वुलन म्हणत नाही.

इंग्लंडच्या कायद्याला मात्र ही बारकाई नको होती. १६६६ मध्ये प्रेत ‘वुलन’मध्येच पुरावं असा कायदा झाला, १६७८ मध्ये तो कडक करून शपथपत्राची अट घातली. हेतू उघड होता: परदेशी लिनन रोखायचं, देशी लोकर खपवायची. इथे वुलन म्हणजे मेंढीची लोकर, मग ती पिंजलेली असो की विंचरलेली. मोडणाऱ्याला ५ पौंड दंड, त्यातला अर्धा खबर देणाऱ्याला. मग श्रीमंत घरं आपल्याच माणसाकरवी खबर देववीत आणि लिननमध्ये पुरून निम्मा दंड घरात ठेवीत. मेलेल्यांकडून गिऱ्हाइकी वसूल करणारा हा कायदा १८१४ पर्यंत पुस्तकात होता, पाळणं त्याआधीच सुटलं होतं.

अमेरिकेने १९३९ च्या कायद्याने कपड्यावर लोकरीचं प्रमाण छापायला लावलं. त्या व्याख्येत मेंढीबरोबर अंगोरा आणि काश्मिरी शेळ्यांचे केसही ‘वूल’च ठरले.